कळंक, गाळ आणि करारपत्र : नाशिकच्या एका मिश्रमाध्यम चित्रकर्तीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

नाशिकचा चित्रकार म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर जलरंगातील निसर्गचित्र येते. रामकुंडाभोवतीची गर्दी, पंचवटीतील दगडी पायऱ्या, पावसाळी आकाशाखालची देवळांची शिखरे यांवर या शहरातील चित्रकारांच्या पिढ्या हात बसवत आल्या आहेत, आणि शिवाजी तुपे यांच्यासारख्या चित्रकारांमुळे ही परंपरा जिल्ह्याबाहेरही ओळखली गेली. प्रस्तुत प्रकरणातील चित्रकर्ती याच परंपरेत घडल्या. चित्रकलेची पदविका, त्यानंतर एका शाळेत कलाशिक्षिकेची नोकरी, एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षांचे वर्ग, सुट्टीच्या दिवशी पहाटे घाटावर बसून केलेली चित्रे आणि अधूनमधून कुसुमाग्रज स्मारकात भरवलेले प्रदर्शन असा त्यांचा पहिल्या दहा-बारा वर्षांचा प्रवास होता. ओळख पटू नये म्हणून येथे त्यांचे नाव, ग्राहक कंपनीचे स्वरूप आणि चित्राची जागा दिलेली नाही. घटनांचा क्रम मात्र बदललेला नाही.

जलरंगापासून त्या दूर का गेल्या, याचे त्यांनी दिलेले उत्तर साधे होते. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला आलेल्या पुरांनंतर घाटावर जो गाळ उरला, तो रंगवण्यापेक्षा उचलून चित्रात आणावा असे त्यांना वाटले. पुराची पातळी दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजण्याची या शहराची जुनी रीत आहे. पाणी कमरेला लागले, छातीला लागले, गळ्याशी आले, अशा भाषेत पूर सांगितला जातो. या मोजणीतून त्यांना एक कल्पित शहर सुचले, जे नदीच्या तळाशी वसलेले आहे आणि ज्याचे रहिवासी वर मान करून आपल्याच पायऱ्यांचे खालचे अंग पाहतात. पुढची सात-आठ वर्षे त्यांनी हेच शहर वेगवेगळ्या साहित्यातून उभे केले. शाळेची नोकरी त्यांनी याच काळात सोडली. मुंबईतील एका खासगी गॅलरीने त्यांचे काम प्रदर्शनांतून दाखवण्यास सुरुवात केल्यावर हा निर्णय घेणे शक्य झाले.

काम आणि त्यातील साहित्य

साहित्याची निवड हा या कामाचा खरा गाभा असल्याने त्याकडे थोडे सावकाश पाहणे आवश्यक आहे.

चित्रकर्ती जे वापरत ते जवळजवळ सर्व नाशिक जिल्ह्यातूनच येत असे. जुन्या नाशकातील तांबट आळीतून त्या तांब्याच्या पत्र्याची कात्रणे आणि ठोक्याची बिघडलेली भांडी वजनावर घेत. घरी ती चिंच आणि मीठ लावून लख्ख करत, पुन्हा ठोकत, आणि त्यांतून खवले, कौले किंवा माशांच्या पाठी तयार करत. येवल्याच्या विणकरांकडून पैठणीच्या मागावर उरलेली टोके, चुकलेले पदर आणि नारळी काठाचे तुकडे येत. निफाड आणि दिंडोरीकडील द्राक्षबागांतून एप्रिलच्या खरड छाटणीच्या आणि ऑक्टोबरच्या फळछाटणीच्या काड्या येत. त्या काड्या बंद डब्यात, हवा लागू न देता भाजून त्यांचा कोळसा केला जाई. द्राक्षवेलीचा कोळसा रेखाटनासाठी युरोपात शतकानुशतके वापरला जातो. नाशिकच्या चित्रकाराला तो परदेशी डबीतून विकत घ्यावा लागतो, याची चित्रकर्तींना गंमतही वाटे आणि रागही येई. चौथे साहित्य म्हणजे अर्थातच नदीचा गाळ. तो वस्त्रगाळ करून, सुताराच्या पांढऱ्या डिंकात कालवून, प्लायवूडवर थराथराने चढवला जाई.

चित्रात चित्राबाहेरची वस्तू आणण्याची वाट नवी नाही. पिकासोने १९१२ मध्ये वेताच्या विणीची छपाई असलेले मेणकापड कॅनव्हासवर चिकटवले, तेव्हापासून ती रुळलेली आहे, आणि आपल्याकडे जेराम पटेल यांनी १९६० च्या दशकात जाळलेल्या प्लायवूडमधून चित्र काढून दाखवले. चित्रकर्तींच्या कामाचे वैशिष्ट्य असे की त्यातील प्रत्येक साहित्य आपले मूळ काम विसरत नाही. गाळ येथे तपकिरी रंगाची जागा भरत नाही, पुराची पातळीच सांगतो. पैठणीचा काठ नक्षी होत नाही, नदीचा काठ होतो. कल्पनाशक्ती आणि वस्तू यांचा असा मेळ मला क्वचितच पाहायला मिळाला आहे, आणि पुढे जे घडले त्याचे मूळही याच मेळात आहे.

त्यांना मिळालेले सर्वांत मोठे काम तीन भागांचे होते. नाशिकमधील एका खासगी कंपनीने आपल्या नव्या इमारतीच्या स्वागतकक्षासाठी ते सांगून करवून घेतले. प्रत्येक भाग सहा फूट उंच आणि चार फूट रुंद होता. डाव्या भागात कोळशाच्या उभ्या रेघांतून द्राक्षबागेचे खांब, मधल्या भागात गाळाखालचे शहर आणि त्यावर तांब्याच्या शेकडो खवल्यांची छपरे, उजव्या भागात पैठणीच्या तुकड्यांतून वर येणारा घाट अशी रचना होती. दिवाळीनंतर, कोरड्या हवेत, ते भिंतीवर चढले. करारपत्र दीड पानाचे होते. त्यात माप, विषय, मुदत आणि मानधनाचे हप्ते लिहिलेले होते. साहित्याविषयी फक्त ‘मिश्र माध्यम’ एवढेच दोन शब्द होते.

अडचण

पहिल्या पावसाळ्यात, श्रावणाच्या सुमारास, मधल्या भागातील तांब्याच्या खवल्यांच्या कडांना हिरवट निळी भुकटी दिसू लागली. गणपती उठेपर्यंत ती खालच्या गाळावर ओघळली होती. त्याच भागात गाळाचा थर दोन ठिकाणी फुगून पापुद्र्यासारखा सुटला, आणि खालच्या पट्टीत पांढरट क्षार फुलले. उजव्या भागात पैठणीच्या तुकड्यांमागे बुरशीचे ठिपके आले आणि काही कडांना कसर लागली. डावा, कोळशाचा भाग जवळजवळ जसाच्या तसा राहिला.

कंपनीच्या प्रशासन अधिकाऱ्यांनी पाठवलेले पत्र सभ्य पण स्पष्ट होते. काम ‘मूळ स्थितीत’ आणून द्यावे अन्यथा मानधनाचा शेवटचा हप्ता, जो वर्षपूर्तीनंतर द्यायचा ठरला होता, तो रोखला जाईल, असे त्यात म्हटले होते. त्याच सुमारास कंपनीच्या अंतर्गत सजावटकाराने एक सोपा उपाय सुचवला : हिरव्या डागांवर तांब्याच्या रंगाचा हात मारावा, सुटलेला गाळ पुन्हा चिकटवावा आणि सगळ्यावर चकचकीत पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश मारून टाकावे. सुतार आणि पॉलिशवाला दोन दिवसांत येऊ शकतात, असेही त्याने कळवले होते.

तिसरी गाठ गॅलरीची होती. चित्रकर्तींचे एकल प्रदर्शन पुढच्या जानेवारीत मुंबईत व्हायचे होते. दुरुस्ती आणि प्रदर्शन दोन्हींसाठी लागणारे महिने तेच होते. डागांची बातमी गॅलरीच्या कानावर गेली तेव्हा तेथून सल्ला आला की पुढील कामे कॅनव्हासवर, ॲक्रिलिकमध्ये आणि ‘त्रास न देणारी’ असावीत. गॅलरी विक्रीच्या किमतीतील तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत रक्कम घेते आणि त्या बदल्यात ग्राहकासमोर ती उभी राहते, हे लक्षात घेता हा सल्ला केवळ भित्रेपणाचा म्हणता येणार नाही. परत आलेले चित्र गॅलरीच्याही नावावर परत येते.

कारणांचा शोध

येथे चित्रकर्तींनी पहिला महत्त्वाचा निर्णय घेतला. दुरुस्तीला हात लावण्याआधी कारण शोधायचे, असे त्यांनी ठरवले आणि कंपनीकडून सहा आठवड्यांची मुदत मागून घेतली. सजावटकाराला थांबवण्यासाठीही ही मुदत उपयोगी पडली.

तांबट आळीत ज्यांच्याकडून त्या पत्रा घेत, त्या वयस्क कारागिरांनी डाग पाहताच निदान केले. “चिंच-मीठ लावलंत, ताई, पण धुतलं किती? नुसतं पुसून चिकटवलं असेल तर कळकणारच की ते,” असे ते म्हणाले. आंबट आणि खारट यांचा अंश पत्र्याच्या घड्यांत राहिला होता. मिठातील क्लोराइड तांब्यावर राहिले की दमट हवेत ते पुन्हा पुन्हा गंज धरवते. त्यात भर पडली ती डिंकाची. सुताराचा पांढरा डिंक, म्हणजे पॉलिव्हिनाइल ॲसिटेट, वाळल्यानंतरही थोडे थोडे ॲसेटिक आम्ल सोडत राहतो, आणि तांब्याचा हिरवा कळंक तयार व्हायला तेवढे पुरते. कल्हई नसलेल्या पितळी पातेल्यात ताक ठेवू नये हे ज्या घरात शिकवले जाते, त्याच घरात तांबे थेट डिंकावर बसवले गेले होते.

गाळाचे कारण दुहेरी निघाले. वस्त्रगाळ केल्याने खडे आणि काडीकचरा जातो, पण पाण्यात विरघळणारे क्षार जात नाहीत. त्यासाठी गाळ अनेक पाण्यांत निवळावा लागतो. शिवाय चिकणमाती ओल घेऊन फुगते आणि वाळताना आक्रसते. प्लायवूड त्याच वेगाने हलत नाही, म्हणून जाड थर सुटतो. पैठणीचे तुकडे खळीने चिकटवले होते, आणि खळ म्हणजे पिष्ट. बुरशीला आणि कसरीला ते अन्नच मिळाले. जरीवरही काळपट छटा आली होती, कारण आजच्या स्वस्त जरीत तांब्याच्या तारेवर चांदीचा पातळ मुलामा असतो.

एवढ्यावर शोध थांबला असता तर सगळा दोष कामावर आला असता. परंतु मुंबईहून बोलावलेल्या एका अनुभवी कलासंवर्धक बाईंनी चित्र उतरवून प्रथम भिंत पाहिली. ती इमारतीची पश्चिमेची बाहेरची भिंत होती. नाशिकचा पाऊस तिच्यावरच आदळतो. गिलाव्याला हात लावताच ओल जाणवत होती, आणि चित्राची पाठ व भिंत यांमध्ये बोटभरही फट ठेवलेली नव्हती. दिवसा वातानुकूलन चालू आणि रात्री बंद, यामुळे चित्राच्या पाठीमागे रोज दव धरत असले पाहिजे, असा त्यांचा अंदाज होता. संग्रहालये साधारणपणे हवेतील आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास स्थिर राखण्याचा प्रयत्न करतात. स्वागतकक्षाकडून तशी अपेक्षा नसते, पण ओल्या भिंतीला चित्र टेकवून बसवण्याचीही गरज नसते. क्षारांचा काही भाग भिंतीतूनच आला असावा, हे त्यांचे म्हणणे नंतर कंपनीनेही मान्य केले.

विचारात घेतलेले पर्याय

सर्वांत आधी पुढे आला तो सजावटकाराचा पर्याय, आणि तो नाकारण्यासाठी केवळ नापसंती पुरेशी नव्हती. भारताच्या कॉपीराइट कायद्याचे, १९५७ च्या, कलम ५७ कलावंताला विशेष हक्क देते : कामाचे कर्तेपण सांगण्याचा, आणि त्याच्या प्रतिष्ठेला बाध येईल अशी कामाची मोडतोड अथवा विकृती रोखण्याचा. काम विकले गेले, इतकेच नव्हे तर कॉपीराइट दुसऱ्याकडे गेला, तरी हे हक्क उरतात. अमरनाथ सहगल यांचे विज्ञान भवनातील भित्तिशिल्प सरकारने काढून टाकले होते, त्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली शिल्पाचे अवशेष परत देण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. चित्रकर्तींनी कंपनीला नोटीस पाठवली नाही. एका वकिलांकडून या कलमाचा आशय मराठीत अर्ध्या पानावर लिहून घेतला आणि तो कागद बैठकीत अधिकाऱ्यांसमोर ठेवला. “साहेब, मला भांडायचं नाही, पण पॉलिशवाला नको,” एवढेच त्या बोलल्या. हा मार्ग मला शहाणपणाचा वाटतो. कायदा दाखवूनही नाते राखता येते, मात्र त्यासाठी तो अडचण चिघळण्याच्या आधी दाखवावा लागतो.

पैसे परत करून काम माघारी आणणे हा दुसरा पर्याय होता. गॅलरीला तो पसंत होता, कारण त्यामुळे विषय मिटला असता. चित्रकर्तींच्या हाती तेवढी रक्कम नव्हती. मानधनाचा मोठा भाग साहित्य, मदतनीस आणि घरखर्च यांत संपला होता. नोकरी सोडलेल्या कलावंताला हा पर्याय बहुधा कागदावरच उपलब्ध असतो.

तेच चित्र पुन्हा नव्याने करून द्यावे, असे कंपनीने सुचवले. येथे चित्रकर्ती अडल्या. प्रत्येक खवला वेगळा ठोकलेला होता, गाळ ज्या पुराचा होता तो गाळ पुन्हा मिळणार नव्हता, आणि मुख्य म्हणजे त्याच कल्पनेकडे पाठ फिरवून नक्कल करण्याची त्यांची तयारी नव्हती.

चौथा पर्याय सर्वांत मोहक होता आणि म्हणूनच त्यावर सर्वांत जास्त चर्चा झाली. चित्राचा विषय पाण्याखालचे शहर आहे. मग तांब्यावर चढलेला हिरवा रंग हा त्या शहराचाच भाग का मानू नये? काही मित्र चित्रकारांनी हे सुचवले, आणि हिरवी छटा दिसायलाही सुंदर होती, हे नाकारता येत नाही. बदलत जाणारे साहित्य हाच आशय मानणारी कला जगभर आहे. परंतु हा बदल चित्रकर्तींनी योजलेला नव्हता, ग्राहकाला सांगितलेला नव्हता, आणि क्लोराइडचा गंज शोभेपुरता थांबत नाही, पत्रा खात जातो. बिघाड झाल्यावर त्याला संकल्पना म्हणणे हे कलावंतांच्या वर्तुळात फार सहज खपते. ग्राहकाच्या दृष्टीने ती पळवाटच असते. चित्रकर्तींनी हा पर्याय पूर्ण टाकला नाही, पण त्याची व्याप्ती कमी केली, ती कशी ते पुढे येईल.

शेवटचा पर्याय संवर्धकाकडून शास्त्रशुद्ध दुरुस्तीचा होता. तो खर्चिक होता, त्याला हिवाळा पूर्ण लागणार होता, आणि काम ‘मूळ स्थितीत’ येईल अशी हमी संवर्धक बाईंनी सुरुवातीलाच नाकारली.

निर्णय

बैठकीत ठरले ते असे : तीनही भाग भिंतीवरून उतरवायचे, मधल्या आणि उजव्या भागाची दुरुस्ती करायची, डाव्या भागाला हात लावायचा नाही. खर्चाचा निम्मा भाग कंपनीने उचलायचा, कारण भिंतीचा दोष तिचा होता, आणि निम्मा चित्रकर्तींनी. रोखलेला हप्ता दुरुस्तीनंतर द्यायचा. पत्रातील ‘मूळ स्थिती’ हे शब्द काढून त्याजागी ‘स्थिर स्थिती’ हे शब्द घालायचे, आणि ती स्थिती छायाचित्रांसह कागदावर नोंदवायची. हा शब्दबदल अर्ध्या तासात झाला, पण पुढचा सगळा वाद त्यानेच टळला.

प्रदर्शनाचा निर्णय चित्रकर्तींना एकटीने घ्यावा लागला. जानेवारीची तारीख सोडली तर गॅलरी पुढची तारीख कधी देईल याची खात्री नव्हती. मुंबईत मोक्याची तारीख हातची सोडणे लहान गोष्ट नाही. जहांगीर कला दालनाच्या तारखेसाठी तर चित्रकार वर्षानुवर्षे थांबतात. गॅलरीच्या सल्ल्याप्रमाणे ॲक्रिलिकची वीस चित्रे तीन महिन्यांत करणे त्यांना अशक्य नव्हते. त्यांनी तारीख सोडली. त्यांचे म्हणणे असे होते की ज्या कामाचे काय बिघडले हे अजून कळलेले नाही, त्याच्याकडे पाठ फिरवून केलेले नवे काम त्याच्याच भीतीतून होईल. हा युक्तिवाद मला पटतो. तरीही गॅलरीला तो पत्राने आणि उशिरा कळवला गेला, प्रत्यक्ष भेटून नव्हे, ही गोष्ट खटकते.

कृती

दुरुस्ती ऑक्टोबरमध्ये, हवा कोरडी झाल्यावर सुरू झाली. मधल्या भागातील सुटलेल्या गाळावर प्रथम जपानी कागदाचे पातळ तुकडे लावून तो जागच्या जागी धरला गेला, आणि मग पॅरालॉइड बी-७२ या ॲक्रिलिक राळेचे अतिशय पातळ द्रावण ब्रशने आत मुरवले गेले. ही राळ पुढे गरज पडल्यास द्रावकाने काढता येते, हा तिचा मोठा गुण आहे. फुललेले क्षार कोरड्या मऊ ब्रशनेच झाडले. पाणी लावले असते तर आतले आणखी क्षार वर आले असते.

तांब्याचे खवले एकेक करून उचलण्यात सर्वाधिक वेळ गेला. ते भिंगाखाली साफ केले, शुद्ध पाण्यात वारंवार धुतले, पूर्ण वाळवले, तांब्याचा गंज रोखणाऱ्या बेंझोट्रायझोल या रसायनाच्या द्रावणात ठेवले आणि पारदर्शक ॲक्रिलिक लॅकरने झाकले. बेंझोट्रायझोल अपायकारक असल्याने हातमोजे आणि मोकळी हवा यांशिवाय ते हाताळू नये, ही सूचना संवर्धक बाईंनी मदतनिसांना रोज दिली. खवले परत डिंकाने बसवले नाहीत. तांबट आळीतून करून आणलेल्या तांब्याच्या बारीक खिळ्यांनी ते स्वतंत्र फळीवर ठोकले आणि ती फळी गाळापासून थोडी उचलून बसवली. त्यामुळे छपरांची सावली गाळावर पडू लागली. ही सावली मूळ चित्रात नव्हती, आणि माझ्या मते ती चित्राला लाभली.

खालच्या कडेच्या काही खवल्यांवरचा हिरवा रंग मात्र जाणूनबुजून ठेवला. गंज स्थिर करून, झाकून, जेथे पुराची रेषा येते तेथेच तो उरला. चौथ्या पर्यायाचा एवढाच भाग स्वीकारला गेला, तोही कंपनीला आधी दाखवून आणि नोंदवहीत लिहून.

पैठणीचे तुकडे खळीपासून सोडवून, सुती अस्तरावर टाक्यांनी शिवले. कसरीने खाल्लेल्या दोन तुकड्यांच्या जागी नवे तुकडे घातले नाहीत. तेथे अस्तरच दिसू दिले. कंपनीने त्याच काळात भिंतीचे जलरोधन करून घेतले, आणि चित्रे परत चढवताना मागे लाकडी पट्ट्या देऊन हवा खेळेल एवढी फट ठेवली.

परिणाम

पुढच्या पावसाळ्यात हिरवी भुकटी परत आली नाही. गाळात एक केसासारखी चीर दिसली, ती नोंदवून ठेवली गेली. उजव्या भागाविषयी कंपनीतील मंडळींचे समाधान पूर्ण झालेले नाही. उघड्या अस्तराकडे बोट दाखवून पाहुणे विचारतात, असे अधिकाऱ्यांनी नंतर सांगितले. राखून ठेवलेला हप्ता मिळाला.

गॅलरीने पुढची तारीख दिली नाही. दीड वर्षाने चित्रकर्तींनी दुसऱ्या, लहान गॅलरीबरोबर काम सुरू केले, जेथे विक्री कमी आहे पण प्रत्येक चित्रासोबत साहित्याचा कागद देण्याला हरकत नाही. त्या कागदावर कोणते साहित्य कोणत्या क्रमाने वापरले, कोणता बदल अपेक्षित आहे, कोणता नाही आणि चित्र कोठे लावू नये हे लिहिलेले असते. आर्थिक दृष्टीने त्यांना या प्रकरणाचा तोटाच झाला, आणि त्या तो लपवत नाहीत; सध्या त्या आठवड्यातून तीन दिवस पुन्हा शिकवतात.

कामात मात्र मोठा पालट झाला. आता गाळ सात-आठ पाण्यांत निवळून मगच हाती घेतला जातो, पातळ थरात आणि कापडाच्या अस्तरावर लावला जातो. तांबे, कापड आणि माती एकमेकांना कोठेही चिकटत नाहीत. प्रत्येकाची फळी वेगळी असते. यामुळे चित्रांना खोली आली आणि पाण्याखालचे ते शहर आता मजल्यामजल्यांचे दिसते. अलीकडच्या कामांत वरच्या फळीला मोठी भोके ठेवून खालचा गाळ अंतरावरून दाखवलेला आहे. मला ही चित्रे आधीच्या चित्रांपेक्षा अधिक धीट वाटतात.

वेगळे काय करता आले असते

साहित्याची चाचणी हा सर्वांत स्वस्त उपाय होता. तांबे, डिंक आणि गाळ यांचा हातभर नमुना एका पावसाळ्यात न्हाणीघरात टांगून ठेवला असता तर हे सगळे आधीच दिसले असते. कला महाविद्यालयांत साहित्यशास्त्र हा विषय बहुधा तैलरंग आणि कॅनव्हास यांपुरता शिकवला जातो. पातळ थरावर तेलकट थर द्यावा, ॲक्रिलिकवर तैलरंग चालतो पण तैलरंगावर ॲक्रिलिक टिकत नाही, हे विद्यार्थ्याला माहीत असते. पत्रा, माती आणि रेशीम यांच्याविषयी त्याला विचारायला तांबटाकडे आणि विणकराकडेच जावे लागते. चित्रकर्ती त्यांच्याकडे साहित्य घ्यायला वर्षानुवर्षे जात होत्या, पण साहित्य कसे राखावे हे त्यांनी डाग पडल्यावर विचारले.

जागेची पाहणी ही दुसरी गोष्ट. करारापूर्वी भिंत कोणत्या दिशेची आहे, ओल आहे का, चित्र कोण बसवणार, हे विचारण्याचा हक्क कलावंताला असतो आणि ग्राहकालाही ते आवडते. येथे चित्रकर्तींनी भिंतीचे माप घेतले, भिंत तपासली नाही. बसवण्याचे काम सजावटकाराच्या माणसांनी केले.

गॅलरीला प्रकरणात सुरुवातीपासून सामील करून घेतले असते तर तारीख राहिली असती का, यावर मतभेद आहेत. चित्रकर्तींना तसे वाटत नाही. माझ्या मते गॅलरीला डागांची बातमी इतरांकडून कळली हेच नुकसानीचे मुख्य कारण होते.

एक गोष्ट दुरुस्तीनंतर पुढे आली आणि ती अजून पुरती सुटलेली नाही. कंपनीने मधल्या भागाचे छायाचित्र आपल्या दिनदर्शिकेवर छापायचे ठरवले आणि चित्रकर्तींनी हरकत घेतली. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन सांगून करवून घेतलेल्या चित्राचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, करवून घेणाऱ्याकडे जातो. हे ऐकून चित्रकर्तींना धक्का बसला. अनेक चित्रकारांना हे कलम असे ऐनवेळीच भेटते. मात्र त्या तरतुदीत छायाचित्र, चित्र, व्यक्तिचित्र, उत्कीर्णन आणि चित्रपट यांचा उल्लेख आहे, शिल्पाचा नाही. ज्या कामात ठोकलेले तांबे फळीपासून उचललेले आहे आणि गाळाला जाडी आहे, ते या अर्थाने चित्र ठरते की नाही, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येते. वकिलांनी वाद न घालण्याचा सल्ला दिला. चित्रकर्तींनी एका वर्षाच्या दिनदर्शिकेसाठी, आपले नाव आणि ‘दुरुस्तीनंतरचे छायाचित्र’ हे शब्द छापण्याच्या अटीवर लेखी संमती दिली, आणि त्यानंतरच्या प्रत्येक करारपत्रात कॉपीराइटसाठी स्वतंत्र कलम घातले आहे.